झाडाचा निर्णय नकाशाआधी व्हावा

मा. संपादक,
स. न.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या आवारात मोठी झाडे असली की एके दिवशी त्यांच्या बुंध्यांवर महापालिकेचा कागद लागतो. त्यावर सर्व्हे नंबर, प्रस्तावाचा क्रमांक, ‘तोडणे 11, पुनर्रोपण 6, राखणे 4’ असा हिशेब आणि हरकतींसाठी बहुधा सात दिवसांची मुदत असते. वाचणाऱ्याला वाटते, निर्णय अजून व्हायचा आहे. पण तो कागद लागेपर्यंत तळघराची हद्द, रॅम्पचे वळण, अग्निशमन बंबाचा रस्ता, पाण्याची टाकी सगळे नकाशावर बसलेले असते. फ्लॅटचे क्षेत्रफळ सभासदांना कळवून झालेले असते. अशा वेळी एखादे झाड राखायचे म्हणजे सगळा नकाशा मोडायचा, आणि तो कोणीच मोडत नाही. झाडांची मोजणी आणि त्यांच्याविषयीचा निर्णय बांधकामाचा नकाशा मंजूर होण्याआधी झाला पाहिजे, हे आमचे म्हणणे आहे. आजच्या पद्धतीत नेमके काय चुकते, ते तपशिलाने मांडतो.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ आहे. जमिनीपासून 30 सेंटीमीटर उंचीवर ज्याचे खोड किमान 5 सेंटीमीटर जाड आणि उंची किमान एक मीटर, ते या कायद्याच्या दृष्टीने झाड. ‘तोडणे’ या शब्दात जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. ही व्याख्या फार कमी लोकांना ठाऊक असते. मुळे खणून काढणे, बुंध्याची साल गोल सोलणे, मुळांवर राडारोडा टाकणे, हे सगळे त्यात बसते. कलम 8 प्रमाणे अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने झाड स्वतः पाहायचे, वर्तमानपत्रात सूचना द्यायची, झाडावर ठळक जागी नोटीस लावायची आणि मग परवानगी द्यायची किंवा नाकारायची. त्यासाठी 60 दिवस आहेत. मूळ कायद्यानुसार या मुदतीत उत्तर गेले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे फाईल टेबलावर पडून राहिली तर तोटा झाडाचा. परवानगी दिल्यावर 15 दिवस कुऱ्हाड लावता येत नाही, आणि हरकत आली तर प्रकरण वृक्ष प्राधिकरणापुढे, म्हणजे झाडांचे निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीपुढे, जाऊन सुनावणी व्हायला हवी.

हे पंधरा दिवस कुठून मोजायचे, यातच गोम आहे. मुंबईतल्या आरे मेट्रो कारशेडच्या वेळी 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. परवानगीच्या पत्रापासूनचे पंधरा दिवस आधीच उलटले आहेत, असे मेट्रो कंपनीचे म्हणणे होते. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडे गेली होती. गृहप्रकल्पांत आकडे लहान असतात, पण घडते हेच. नोटीस झाडावर लागते. अंतिम परवानगीचे पत्र मात्र अर्जदाराच्या हाती जाते आणि झाडावर कधीच लागत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराला 30 दिवस, आणि तोड मात्र सोळाव्या दिवशी करता येते.

आणखी एक पळवाट आहे ती संख्येची. काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीने 25 पर्यंतच्या झाडांचा निर्णय प्राधिकरणाच्या बैठकीविना आयुक्तांच्या पातळीवर घेता येऊ लागला. त्यामुळे 70 झाडांचा भूखंड ‘इमारत अ’, ‘इमारत ब’, ‘अंतर्गत रस्ता’ अशा तीन प्रस्तावांत विभागला की एकही प्रस्ताव समितीपुढे येत नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे प्रशासकच सर्व कारभार पाहत होते, तेव्हा नगरसेवकांची नजरही या प्रस्तावांवर नव्हती. एका मिळकतीवरचे सगळे प्रस्ताव मिळकत क्रमांकावरून एकत्र जोडून एकदम पाहावेत. संगणकावर हे काम अवघड नाही.

आता मोजणीकडे वळू. अर्जासोबत झाडांची यादी जोडतात. तीत क्रमांक, जात, घेर, उंची, वय, ‘शेरा’ असे रकाने असतात. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, टेपने मोजायचा असतो. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरतात. त्या जागी गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या खाली, जिथे खोड सर्वांत बारीक आहे तिथे. वडाच्या पारंब्या खोडाला चिकटलेल्या असतील तर तशी नोंद हवी. प्रत्यक्षात एकाच यादीत सलग नऊ झाडांचा घेर ‘100 से.मी.’ दिसतो. सलग नऊ झाडे बरोबर एक मीटर घेराची कुठे नसतात. तिथे टेप लागलेली नाही, हे उघड आहे. जातीतही गफलत होते. पर्जन्यवृक्षाला शिरीष, सोनमोहराला गुलमोहर, सप्तपर्णीला ‘इतर’ लिहिलेले असते.

सर्वांत महाग पडणारी चूक वयाच्या रकान्यात असते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी लागतात. त्यामुळे ‘अंदाजे 25’ की ‘अंदाजे 55’ यावर सगळा हिशेब फिरतो. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत वाढीची वर्तुळे थंड प्रदेशातल्यासारखी स्पष्ट नसतात. नुसत्या घेरावरूनही वय सांगता येत नाही, कारण पर्जन्यवृक्ष तीस वर्षांत जेवढा जाड होतो तेवढी चिंच साठ वर्षांतही होत नाही. मग पुरावा कुठला? सोसायटीचे जुने बांधकाम पूर्णत्वाचे पत्र काढा. इमारत 1968 ची असेल आणि कुंपणालगत एका ओळीत, सारख्या अंतरावर अशोक किंवा बुच उभे असतील, तर ते त्याच सुमाराला लावलेले असण्याची शक्यता मोठी. जुन्या गृहप्रवेशाच्या, लग्नाच्या फोटोत मागे झाड दिसते. गेल्या वीस-बावीस वर्षांची उपग्रहचित्रे कोणालाही संगणकावर पाहता येतात. त्यातल्या सर्वांत जुन्या चित्रात झाडाचे छत्र आजच्याएवढेच दिसत असेल, तर ‘अंदाजे 25’ टिकत नाही. वयाच्या आकड्यासमोर त्याचा आधार लिहिणे सक्तीचे केले तर या रकान्यातली निम्मी लबाडी जागीच थांबेल.

मुळांचा विषय सगळ्यांत दुर्लक्षित, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘राखणे 4’ असे लिहिलेल्या चार झाडांपैकी बरीचशी इमारत उभी राहिल्यावर दोन-तीन वर्षांत वाळतात. तोपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, मिळालेले असते आणि झाड ‘नैसर्गिकरीत्या मृत’ म्हणून उतरवले जाते. कारण नकाशावर झाड म्हणजे एक ठिपका. ठिपक्याला धक्का लागला नाही की झाड वाचले, असे धरतात. मात्र अन्नपाणी घेणारी तंतुमुळे बहुतांशी वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि छत्राच्या कडेपर्यंत, कधी त्याही पलीकडे पसरलेली असतात. ब्रिटनच्या बांधकामविषयक मानकात खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखायला सांगितले आहे, कमाल 15 मीटर. घेरावरून काढायचे तर घेराची चौपट करून त्यातून थोडे कमी धरायचे. घेर 2 मीटर असेल तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे 7.6 मीटर, 3 मीटर असेल तर साडेअकरा मीटर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले, आणि आपल्याकडे तोच एक मीटर पुरेसा मानण्याची सवय लागली आहे. फुटपाथवर आधीपासून कोंडलेल्या झाडाला त्या मीटरभराने श्वास मिळतो. शेजारी दोन मजली तळघर खणताना मात्र त्याचा काही उपयोग नाही.

हे वर्तुळ नकाशावर काढून पाहिले की अडचण लगेच दिसते. हद्दीलगतच्या झाडांच्या वर्तुळात तळघराची भिंत घुसते. उंच इमारतीभोवती बंबासाठी 6 मीटर रुंदीचा रस्ता लागतो आणि तो 45 टनांचे वाहन पेलणारा हवा. म्हणजे खाली रोलरने दाबलेला मुरूम आणि वर काँक्रीट, नेमके मुळांवर. आवाराची पातळी रस्त्यापेक्षा वर आणायची म्हणून बुंध्याभोवती फूट-दीड फूट भराव पडतो. जमिनीतल्या मुळांची हवा तिथेच कोंडते. भराव घातलेले झाड त्याच वर्षी वाळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेंडे उघडे पडतात, पाने लहान होतात, मग बुंध्याशी भूछत्रे दिसतात. त्यात काँक्रीट आणणाऱ्या मिक्सरची ये-जा. भरलेली गाडी 25 टनांच्या घरात असते, आणि ती धुतल्यावर निघणारे सिमेंटचे पाणी बहुतेक वेळा झाडाच्याच बुडाशी ओततात. ते पाणी चुन्यासारखे जहाल असते.

यातली बरीच झाडे आराखड्याच्या पातळीवर वाचवता येतात. तळघर एका कोपऱ्यात चार-पाच मीटर मागे घ्यावे आणि गेलेल्या गाड्यांसाठी यांत्रिक पार्किंग करावे. रॅम्प दुसऱ्या अंगाला न्यावा. बंबाचा रस्ता झाड नसलेल्या बाजूने काढावा. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडात जी दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, ती उरलेल्या कोपऱ्यात न टाकता जुनी झाडे जिथे आहेत तिथे धरावी. पहिल्या रेखाटनाच्या वेळी याला खर्च जवळजवळ नसतो. नकाशा मंजूर झाल्यावर हेच बदल लाखांत जातात. क्रम बदला असे आम्ही म्हणतो, ते यासाठी. नगररचना विभागाने बांधकाम परवानगीचा प्रस्ताव दाखल करून घेतानाच झाडांची मोजणी, त्यांची मुळांची वर्तुळे आणि निदान दोन पर्यायी मांडण्या मागाव्यात. उद्यान खात्याची पाहणी प्रारंभ प्रमाणपत्राच्या, म्हणजे बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीच्या, तोंडावर न होता त्याआधी व्हावी.

‘धोकादायक’ हा शेराही जपून वापरायला हवा. झाड पोकळ आहे एवढ्यावर ते धोकादायक ठरत नाही. खोडाच्या मधले लाकूड मृतच असते, भार बाहेरची भिंत पेलते. जाणकार साधारण असे धरतात की निरोगी भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी झाली तर काळजी करावी. लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकत गेले की आवाज बदलतो, तिथे बारीक छिद्र पाडून जाडी तपासता येते. पाहणी अहवालात अशा तपासणीचा एक शब्द नसतो, नुसते ‘झाड झुकलेले व पोकळ’. झुकलेले झाडही वर्षानुवर्षे तसेच वाढलेले असेल तर स्थिर असते. अलीकडे झुकले असेल तर विरुद्ध बाजूची माती भेगाळलेली दिसते. ती आहे की नाही, हे लिहावे. पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या परवानगीवर झाडाचा खांब करायचा आणि पुढच्या वर्षी तेच झाड मृत म्हणून दाखवायचे, हा प्रकार तर थांबायलाच हवा.

पुनर्रोपणाविषयी लोकांचा फार गैरसमज आहे. नोटिशीत ‘पुनर्रोपण 6’ वाचून हरकत घेणारे शांत होतात. हिशेब पाहा. झाडासोबत उचलायचा मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या निदान आठ-दहापट रुंद हवा. खोड 25 सेंटीमीटर जाड असेल तर गोळा अडीच मीटर. 1.2 मीटर खोली धरली तर ती सुमारे सहा घनमीटर माती होते, म्हणजे झाड सोडून दहा टनांच्या आसपास. इथवर क्रेन आणि ट्रेलरने जमते. तीन मीटर घेराच्या झाडाचा गोळा मात्र आठ-नऊ मीटर होईल, आणि आपल्या रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाची रुंदी 2.6 मीटर. म्हणून प्रत्यक्षात मोठ्या झाडाची जवळजवळ सगळी मुळे तोडून, सगळ्या फांद्या छाटून नुसता ओंडका हलवला जातो. वड, पिंपळ, उंबर, पांगारा यांना खोडापासून मुळे फुटतात, त्यामुळे ते अशातूनही कधी कधी जगतात. मोठा आंबा, चिंच, जांभूळ सहसा जगत नाहीत.

जे झाड हलवण्याजोगे आहे त्याची तयारी निदान दोन-तीन महिने आधी लागते. आधी बुंध्याभोवती अर्धा गोल चर खणायचा, मुळे करवतीने स्वच्छ कापायची, कापलेल्या जागी बोर्डो मलम (बुरशीनाशक लेप) लावायचा, चरात शेणखत आणि वाळू भरायची. महिना-दीड महिन्याने उरलेला अर्धा गोल. तेवढ्यात पहिल्या बाजूला नवी तंतुमुळे फुटतात आणि त्यांच्यावर झाड पुढे तग धरते. मग गोळा गोणपाटाने आणि काथ्याने घट्ट आवळायचा, पट्टा गोळ्याखालून घालून उचलायचे. साखळी खोडाला बांधली की साल निघते आणि झाड गेलेच. नवा खड्डा गोळ्यापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन फूट मोठा हवा आणि झाड पूर्वी जितके जमिनीत होते तितकेच बसवायचे, खोल नाही. हंगाम जून-जुलैचा. याऐवजी जेसीबी सकाळी येतो, दातांनी मुळे फाडतो, आणि संध्याकाळपर्यंत ओंडका महापालिकेच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहतो. खोडात साठलेल्या अन्नावर दोन-तीन महिने पालवी फुटते. तिचे फोटो फाईलला लागतात आणि अर्जदाराने भरलेली अनामत रक्कम त्याला परत जाते. झाड वाळते ते पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून पुनर्रोपित झाडाची तपासणी दोन उन्हाळे उलटल्याशिवाय पूर्ण मानू नये, आणि अनामतही तोवर सोडू नये.

भरपाईच्या लागवडीचेही तसेच. साठ वर्षांच्या झाडाबदली सहा ते आठ फूट उंचीची साठ रोपे, असा नियम कागदावर भक्कम आहे. मोठी होणारी झाडे सहा-सहा मीटरवर लावायची तर साठ झाडांना 2,160 चौरस मीटर लागतात. सोसायटीचा भूखंडच कित्येकदा त्याहून लहान. मग आवारात कुंडीवजा वाफ्यांत बॉटल पाम आणि चाफा लागतो, उरलेली रोपे शहराबाहेरच्या टेकडीवर मीटर-मीटरवर जातात. तिथे पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोन-तीनदा वीसेक लिटर पाणी कोण घालणार, हे करारात लिहिलेले नसते. कायदा सात वर्षे निगा राखायला सांगतो. आठ मीटर त्रिज्येच्या छत्राची सावली दोनशे चौरस मीटर पडते. मीटरभर रुंदीची साठ रोपे सगळी जगली तरी सुरुवातीला मिळून पन्नास चौरस मीटरही झाकत नाहीत, आणि तीही दहा किलोमीटर दूर. ज्या वॉर्डात झाड गेले, त्याच वॉर्डात लागवड व्हावी. प्रत्येक रोपाचे अक्षांश-रेखांश आणि दर वर्षीचा फोटो संकेतस्थळावर असावा, आणि टॅग लावलेली रोपे जिवंत दाखवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

हरकत घ्यायची असेल त्यांच्यासाठी थोडेसे. ‘झाडे वाचवा’ या मजकुराखाली दोनशे सह्या देण्यापेक्षा मापे असलेला एक कागद सुनावणीत जास्त टिकतो. प्रस्तावाचा क्रमांक आणि झाडाचा क्रमांक नोटिशीवरून उतरवून घ्या. 1.37 मीटरवर टेप लावलेला फोटो काढा, त्यात टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे. वयाचा पुरावा जोडा. झाड हद्दीपासून किती मीटरवर आहे आणि त्याच्या जागी नकाशात काय येते आहे, ते लिहा. पर्यायी मांडणी का शक्य नाही याचे लेखी कारण मागा. घरटी असतील तर त्यांचे फोटो लावा, बगळ्या-पाणकावळ्यांच्या वसाहती जून ते सप्टेंबर भरलेल्या असतात आणि घरटी, अंडी यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शेवटी ‘सुनावणी द्यावी व परवानगीची प्रत मिळावी’ अशी स्पष्ट विनंती करा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

महापालिकेकडे एक मागणी अशी आहे की तिला नवा कायदा किंवा वेगळा निधी लागत नाही. अंतिम परवानगीचे पत्र ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी त्याची प्रत, ‘या तारखेआधी तोड करता येणार नाही’ ही तारीख ठळक घालून, त्या झाडावर सुतळीने बांधावी, खिळ्याने नाही, आणि संकेतस्थळावर टाकावी. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजावेत. पुढच्या पावसाळ्याआधीच्या प्रस्तावांपासून हे सुरू करता येईल.

आपले,
झाडांची मोजणी व निगा यांचे काम करणारे काही वाचक, पुणे